काराकोरमचा डबा

आमच्या घरात काराकोरम पर्वत स्वयंपाकघरातल्या सगळ्यात वरच्या फळीवर, एका पितळी डब्यात असायचा. त्याच्या खालच्या फळीवर लडाख आणि झास्कर, मग मोठ्या पिंपासारख्या डब्यात मुख्य हिमालय, आणि अगदी हाताशी, मिठाच्या बरणीशेजारी, पीर पंजाल. बाहेरच्या माणसाला हे सांगितलं की तो माझ्याकडे जरा जपूनच पाहतो. पाहू दे. माझं डोकं ठिकाणावर आहे. हा सगळा उद्योग माझ्या वहिनीचा, आणि तिच्या मागे तो लावून दिला माझ्या सख्ख्या भावानं. मी नुसती चिडत राहिले आणि वड्या खात राहिले.

वहिनीचं नाव तारा. माहेर रामटेकचं. डोंगर म्हणजे रामटेकचा गड, आणि त्याच्यावर राम, एवढाच तिचा भूगोल. तिचं लग्न झालं माझ्या दादाशी, कृष्णकांतशी. दादा सरकारी खात्यात सर्व्हेअर होता. खडक कुठला, कुठून कुठे गेला, बर्फाची नदी किती सरकली, हे मोजणाऱ्या लोकांबरोबर तो जायचा आणि त्यांचे नकाशे काढायचा. ते डोंगर पार उत्तरेला, देश संपतो तिथले. तिथला बर्फ उन्हाळ्यातच तेवढा जरा हलतो, म्हणून इकडे नागपुरात, खामल्यात आमचे कूलर लागले की तिकडे दादाची पेटी बांधायला निघायची. परत यायचा तो दसऱ्याच्या आगेमागे. म्हणजे बायकोनं नवरा पाहायचा तो थंडीत. अशा माणसाला मुलगी दिली कशी, हे मी रामटेकच्या लोकांना कधी विचारलं नाही, पण मनात पुष्कळदा आलं.

लग्नानंतरच्या पहिल्या चैत्रात वहिनी रोज रडायची. दादानं तिच्यापुढे भला मोठा नकाशा पसरला. तिला त्यातलं ओ की ठो कळलं नाही. ती विचारायची, "पण म्हणजे काश्मीरच्या अलीकडे की पलीकडे?" दादा म्हणायचा, "पलीकडे. त्याच्याही पलीकडे." की ही पुन्हा रडायला मोकळी.

त्या दिवसांत आमच्या गच्चीवर मुंगवड्या घालायचं काम चाललं होतं. मुंगाची डाळ भिजवायची, पाट्यावर जाडसर वाटायची, त्यात आलं, मिरची, हिरवा सांभार म्हणजे कोथिंबीर आणि किसलेला कोहळा घालायचा आणि जुन्या धोतरावर बोटांनी एकेक वडी टाकत जायची. उन्हात वाळल्या की वर्षभराची भाजी. आईनं वहिनीला वर बोलावलं, तशी ही डोळे पुसत वड्या टाकायला बसली. मागून दादा आला. हातात खडू. म्हणाला, "आई, तुझी रांग जरा वाकडी करू का?"

आई म्हणाली, "कर बाप्पा. पोटात गेल्यावर सरळच होते."

मग दादानं गच्चीभर खडूच्या रेघा ओढल्या. त्यावर धोतरं अंथरली, विरलेल्या कापडातून रेघा दिसत होत्या. ही पहिली रांग पीर पंजाल. हा मुख्य हिमालय, इथे वड्या मोठ्या टाक. ढग इथेच अडतात, म्हणून याच्या पलीकडे पाऊस नाही. ही झास्कर. आता इथे जागा सोड, इथून सिंधू जाते. मग लडाखची रांग. पुन्हा जागा सोड, ही श्योक. ही नदी आधी एकीकडे धावते आणि मग काय मनात येतं कोण जाणे, गर्रकन मागे वळते. आणि सगळ्यात वर काराकोरम. तिथे झाड नाही, पाखरू नाही, काळा दगड आणि बर्फ. वहिनी वड्या टाकता टाकता ऐकून राहिली होती. पावसाचं ऐकून म्हणाली, "म्हणजे वड्या वाळत घालायच्या त्या खऱ्या तिकडेच." लग्नानंतर तिला हसताना मी पहिल्यांदा तेव्हा पाहिलं.

"आणि नागपूर?" तिनं विचारलं.

दादानं जवळची लोणच्याची बरणी उचलली आणि गच्चीच्या पार कोपऱ्यात नेऊन ठेवली. "तशी ती खाली फाटकाबाहेर रस्त्यावर ठेवायला हवी, पण राहू दे इथे."

त्याची पाठ वळल्याबरोबर वहिनीनं बरणी उचलून पीर पंजालच्या पायथ्याशी आणून ठेवली. दादा म्हणाला, "अगं, मध्ये गंगा आहे, यमुना आहे, अख्खा सातपुडा-विंध्य आहे." वहिनी म्हणाली, "माझ्या गच्चीवर तेवढी जागा नाही." पुढे दरवर्षी हे भांडण व्हायचं. दादा बरणी कोपऱ्यात न्यायचा, वहिनी जवळ आणायची. दोघं शिकलेसवरलेले, आणि बरणीवरून असे वाद घालायचे की ऐकणाऱ्याला लाज वाटावी.

वड्या वाळल्या की जिथल्या तिथल्या डब्यात जायच्या. आणि एक वडी वेगळी. तिच्यात ओली असतानाच एक काळं मिरं दाबलेलं असायचं. ती वडी म्हणजे दादा. तो निघाला की ती पीर पंजालच्या डब्यात पडायची, मग जसजसा त्याचा निरोप येई तसतशी वरच्या फळीकडे सरकायची. नियम असा, की मिऱ्याची वडी ज्या डब्यात, तो डबा उघडायचा नाही. बाकीचे डोंगर खुशाल खा. पावसाळ्यात भाजीवाल्यानं दांडी मारली की आई विचारायची, "तारा, आज काय उघडं आहे वं?" आणि ही चुलीपाशी बसून गंभीरपणे सांगायची, "झास्कर घ्या. ते ओलांडून गेले."

मला याचा भयंकर राग यायचा. मी तेव्हा कॉलेजात. मैत्रिणी जेवायला आल्या की वहिनी त्यांना म्हणायची, "अजून थोडा हिमालय वाढू?" मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

दरवर्षी निघताना दादा उंबऱ्यात उभा राहायचा. वहिनी हातावर दही-साखर घालायची. तो म्हणायचा, "येतो." जातो कोणी म्हणत नाही आपल्यात, तसाच तोही म्हणायचा, पण वहिनी तो शब्द नीट कान देऊन ऐकायची. एकदा रिक्षा आली म्हणून घाईत तो न बोलताच निघाला, तर हिनं रिक्षा थांबवून त्याला परत उंबऱ्यात उभं केलं. आणि दसऱ्याच्या सुमारास फाटक वाजायचं, पेटी आपटल्याचा आवाज व्हायचा आणि दादा बाहेरूनच म्हणायचा, "आलो." वहिनीनं धावत जावं की नाही? पाच-पाच महिन्यांनी नवरा आलेला. पण ही जागची हलायची नाही. आतूनच म्हणायची, "हात-पाय धुऊन घ्या, वाढते." आणि पदरानं डोळे पुसत वरचा डबा काढायची. त्या दिवशीच्या आलू-मुंगवड्यांच्या भाजीत ती मिऱ्याची वडी असायची, आणि ती बरोबर दादाच्याच ताटात पडायची. तो मिरं चावायचा, ठसका लागल्याचं नाटक करायचा आणि खिशातून आम्हाला तिकडच्या नुब्रा खोऱ्यातले जर्दाळू काढून द्यायचा. ते दिवस आठवले की अजून माझ्या तोंडाला पाणी सुटतं आणि डोळ्यांनाही.

एका वर्षी मात्र गंमत राहिली नाही. मला पाहायला पाहुणे यायचे होते, आणि ते एक दिवस आधीच येऊन टपकले. भाद्रपदातला पाऊस, घरात भाजीचं पान नाही. वहिनी इतवारीच्या बाजारात माझ्यासाठीच साडी आणायला गेलेली. आईनं फळीवर हात घातला तर खालचे डबे खडखडीत रिकामे. तिनं काराकोरम उघडला. वहिनी परत आली तेव्हा डबा ओट्यावर पालथा होता आणि मिऱ्याची वडी बाजूला एका वाटीत काढून ठेवलेली होती. तिनं डबा उचलून सरळ केला. सगळ्यांना हसून वाढलं, स्वतः मात्र दही-भात खाल्ला. इकडे माझं लग्न जमून राहिलं होतं आणि ही बाई वड्यांपायी दही-भातावर! मी आईला म्हटलं, "पाहा तुझ्या सुनेची थेरं."

आणि नेमका त्या आठवड्यात तिकडे अवेळी बर्फ पडला. खिंड बंद झाली. रेडिओवर एवढंच सांगितलं आणि पुढे गाणी लावली. दादाचा काही पत्ता लागेना. वहिनी आईला एका शब्दानं बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं, आईच म्हणायची. एके दिवशी सकाळी मी उठून पाहते तर आई पाट्यावर डाळ वाटत बसलेली. भर पावसात, जेव्हा कुत्रंही बाहेर वड्या घालणार नाही, तेव्हा. वड्या वाळता वाळेनात. तिनं पंख्याखाली ठेवल्या, चुलीच्या उबेला ठेवल्या, तव्यावर शेकल्या. मग तो काराकोरम पुन्हा शिगोशीग भरला, मिऱ्याची वडी मधोमध ठेवली, झाकण लावलं आणि वर फळीवर नेऊन ठेवलं. वहिनी दारात उभी राहून पाहत होती. तिनं आईला वाकून नमस्कार केला. सणवार काही नसताना.

पुढे शेजारच्या मनोहररावांकडे दादाचा फोन आला. खिंड मोकळी झाली, उतरून राहिलो. मनोहरराव धोतराचा सोगा सावरत पळत आले सांगायला. आता, वड्यांनी खिंड उघडत नाही हे मलाही कळतं. पण त्यानंतर आई जिवंत असेपर्यंत त्या डब्याला कोणाचा हात लागू द्यायची नाही. आणि मीसुद्धा, सासर दोन गल्ल्या पलीकडेच असल्यानं, येता-जाता आधी वरच्या फळीकडे पाहायचे.

दादा निवृत्त झाला त्या वर्षीची वडी त्यानं खाल्ली नाही. ताटातून उचलून बाजूला ठेवली. म्हणाला, "ही राहू दे. ही खाल्ली की संपलं." वहिनीनं ती देव्हाऱ्याच्या खणात ठेवली. ती तिथे दगड होऊन पडली. पण चैत्रातल्या रेघा काही थांबल्या नाहीत. आता आई नव्हती, पण वहिनी होती, मी होते, आणि पुढे गौरांगची बायको मुग्धा आली. गौरांग म्हणजे दादाचा मुलगा, बुटीबोरीला कारखान्यात आहे. त्याला डोंगरांचं काही नाही, पण मुग्धाला दादानं सगळे डोंगर शिकवले. खडू घेऊन गुडघ्यांवर चालत तो रेघा ओढायचा आणि एकीकडे बोलत राहायचा. नुब्रातली वाळू, दोन वशिंडांचे उंट, कुठल्यातरी ओढ्याकाठी जवाचं चिमूटभर हिरवं शेत. दादाचं बोलणं म्हणजे एकदा सुरू झालं की चहा गार.

तो दादा गेल्या दसऱ्यानंतर एका सकाळी बोलेनासा झाला. चहाचा कप हातातून सुटला, उजवं अंग गेलं. दवाखाना, सुया, सगळं झालं. पायात हळूहळू ताकद आली. काठी घेऊन घरात फिरू लागला, डाव्या हातानं जेवू लागला. सगळं समजायचं त्याला. पण तोंडातून शब्द नाही. अश्लेषा नावाची एक मुलगी बोलण्याचा सराव घ्यायला यायची. गोड मुलगी. चित्रं दाखवायची, सफरचंद, खुर्ची, कुत्रा. दादा तोंड फिरवून खिडकीबाहेर पाहायचा. शेवटी तिनं वहिनीला बाजूला घेऊन सांगितलं की पहिल्या काही महिन्यांत जे येतं ते येतं, नंतर कठीण होत जातं. तुम्ही त्यांना सरावासाठी जरा तयार करा.

वहिनीनं मला सांगितलं, "कुंदा, मला जास्त नको वं. एक शब्द बोलू दे. मला शिवी दिली तरी चालेल." आणि थोड्या वेळानं म्हणाली, "या खेपेला ते येतो म्हणून गेले नाहीत गं."

घरातच खुर्चीवर बसलेला माणूस, आणि ही म्हणते गेले. पण मला ते समजलं. पाणी प्यायला म्हणून स्वयंपाकघरात गेले तर वरच्या फळीवरचा डबा घट्ट बंद, आणि देव्हाऱ्याचा खण रिकामा. मी मुग्धाकडे पाहिलं. ती हळूच म्हणाली, "आत्या, आईंनी सांगितलंय, तो उघडायचा नाही."

चैत्र आला तशी वहिनी म्हणाली, यंदा वड्या नाही करायच्या.

"काहून?" मी म्हटलं. "त्या डाळीनं तुझं काय घोडं मारलं?"

"रेघा कोण ओढणार?"

"मी ओढते. इतकी वर्षं तेच ते ऐकून कान किटले माझे."

मी जबरदस्तीच केली. घरात सगळे असे तोंड शिवून बसले होते की मला गुदमरायला व्हायचं. डाळ आणली, भिजवली, मिक्सरमधून काढली आणि सकाळी पिठानं भरलेला गंज घेऊन वर गेलो. दादाला म्हटलं, "चल वर." त्यानं मान हलवली, नाही. आजारापासून तो जिना चढलाच नव्हता.

रेघांचं मी मोठ्या तोऱ्यात म्हटलं होतं, पण खडू हातात घेतला आणि सगळं डोक्यातून साफ गेलं. मग रेघा न ओढताच आम्ही बसलो. वहिनी वरच्या बाजूनं काराकोरम टाकू लागली, मी खालून पीर पंजाल. मध्ये वाद. वहिनी म्हणे झास्कर आणखी वर, मी म्हणे इथंच. ऊन चढून राहिलं होतं, माझी कंबर गेली होती आणि गंजात पीठ उरलं होतं. दोन रांगांमध्ये मोकळी जागा दिसली, तिथे मी टाकून दिल्या वड्या. वहिनीचं लक्ष नव्हतं. तिनं पदराच्या गाठीतून ती जुनी, दगड झालेली मिऱ्याची वडी काढली आणि काराकोरमच्या रांगेत नेऊन ठेवली. मग बरणी आणून नेहमीच्या हट्टानं पीर पंजालच्या पायथ्याशी ठेवली, आणि भिंतीला टेकून बसली. रडली नाही. ती रडली असती तर मला काहीतरी बोलता आलं असतं.

मुग्धानं मोबाइलवर फोटो काढला आणि बाबांना दाखवते म्हणून खाली गेली.

थोड्या वेळानं जिन्यात काठीचा आवाज झाला. एक पायरी, मग थांबून दुसरी. मागून मुग्धाचा घाबरलेला आवाज, "बाबा, हळू. बाबा, धरा मला." आम्ही दोघी उठून उभ्या राहिलो. दादा दारात आला. धापा टाकत होता, कपाळ घामानं निथळलं होतं, आणि डोळ्यांत राग, लहानपणी मी त्याची पेन्सिल मोडली होती तेव्हा पाहिला होता तसा.

तो सरळ वड्यांपाशी आला. मुग्धाच्या खांद्याला धरून खाली बसला. आणि डावा हात पुढे करून माझ्या ओल्या वड्यांमधून त्यानं पंजा फिरवला. उजवीकडून डावीकडे, जरासा वर चढत. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

"अरे दादा," मी ओरडले, "सकाळपासून कंबर मोडून…"

"सिंधू," वहिनी म्हणाली. "कुंदा, तू सिंधू बुजवून टाकली होती."

दादानं तिच्याकडे पाहिलं आणि मान हलवली. त्याचं तोंड एका बाजूनं हसलं. मग त्याची नजर वर, काराकोरमकडे गेली. ओल्या पिवळ्या वड्यांत ती एकच जुनी काळपट वडी. त्यानं ती ओळखली. बोटानं विचारलं, ही इथे?

वहिनी म्हणाली, "मीच ठेवली. तुम्ही तिथेच आहे ना."

दादानं हात लांब करून ती वडी उचलली, मुठीत धरली आणि उठला. मुग्धा धरायला गेली, त्यानं तिला कोपरानं दूर केलं. वडीच्या हातातच काठी धरून तो रांगांच्या कडेनं चालू लागला. लडाख, झास्कर, मोठा हिमालय. पाय फरफटत होता. मला भीती वाटत होती की हा आता पडतो. दादाच्या हिशेबानं बरणी फाटकाबाहेर रस्त्यावर असती. वहिनीच्या हिशेबानं ती चार पावलांवर होती, म्हणून तो तिथवर पोचला.

त्यानं वडी बरणीच्या झाकणावर ठेवली. ओठ हलले, नुसती हवा आली. पुन्हा हलले. मानेच्या शिरा ताणल्या. मी मनात रामटेकच्या रामाला हाका मारत होते.

"आ…लो," दादा म्हणाला.

जाड, अडखळता आवाज होता. पण त्याचाच होता.

मुग्धा हुंदके देऊन रडायला लागली. मीही रडले, लपवायचं काय त्यात. वहिनी मात्र जागची हलली नाही. तिनं पदर डोळ्यांना लावला, खाली घेतला, आणि नवऱ्याच्या डाळीनं बरबटलेल्या हाताकडे पाहून म्हणाली, "हात-पाय धुऊन घ्या, वाढते."